कोल्हापूरचे थिएटर, थोडे आपलेही

बेळगावहून कोल्हापूरला जाणाऱ्या आपल्या माणसांची कामे ठरलेली असतात. अंबाबाईचे दर्शन, एखादे लग्न, दवाखाना, नाहीतर मुलांच्या कॉलेजची चौकशी. दर्शन झाले की भवानी मंडपात जरा टेकायचे, चपला बघायच्या, मुलांना खासबागेतली भेळ खाऊ घालायची आणि संध्याकाळच्या गाडीने परत फिरायचे. जिथे उभे राहून आपण भेळ खातो त्याच्या अगदी शेजारी एक शंभर वर्षांहून जुनी दगडी इमारत आहे, याकडे पुष्कळांचे लक्षही जात नाही. जुने कोल्हापूरकर तिला अजून ‘पॅलेस थिएटर’ म्हणतात. कागदोपत्री नाव संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री या नाट्यगृहाला आग लागली. रंगमंच, पडदे, खुर्च्या, छप्पर, सगळे जळाले. पाठीला पाठ लावून असलेल्या खासबाग मैदानातला खुला रंगमंचही वाचला नाही. दगडी भिंती तेवढ्या उभ्या राहिल्या. आणि दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, केशवराव भोसल्यांची जयंती होती. ज्याचे नाव दारावर, त्याच्या जन्मदिवसाच्या आदल्या रात्रीच घर जळावे, असे एखाद्या नाटककाराने लिहिले असते तर ‘फारच जुळवून आणलंय’ म्हणून आपण त्याला नावे ठेवली असती.

त्या सकाळी मला पहिला फोन आला तो कोल्हापूरहून नव्हे, हुबळीहून. माझी मावशी. माहेरची मराठी, सासर कन्नड, वय ऐंशीच्या पुढे. “थेटर सुट्ट होतंत, हौदेनु?” एवढेच तिने विचारले. होय, जळाले, असे सांगितल्यावर ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग मराठीत म्हणाली, “अरे, आमच्या मामंजींनी पायी फिरून जाहिराती वाटल्या होत्या त्या कंपनीच्या, इथं हुबळीत.” कोणत्या कंपनीच्या, ते तिला नीटसे आठवत नव्हते. तिच्या सासऱ्यांच्या तरुणपणी अशा कंपन्या वर्षाला चार-पाच यायच्या. परंतु हुबळीच्या एका कन्नड घरातल्या म्हातारीला कोल्हापूरचे थिएटर जळाल्याचे दुःख व्हावे, यात मला काही नवल वाटले नाही. वाचकहो, ते थिएटर थोडे आपलेही आहे. कसे, तेच आज सांगायचे आहे.

आधी इमारतीविषयी. राजर्षी शाहू महाराज १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी इंग्लंडला गेले, त्या प्रवासात त्यांनी रोमही पाहिले. तिथले जुने गोल क्रीडागार पाहून त्यांच्या मनात कुस्तीच्या मैदानाची कल्पना आली, असे सांगतात. १९१२ मध्ये खासबाग मैदान तयार झाले. मधोमध आखाडा, भोवती चढत गेलेली बैठक, हजारो माणसे बसली तरी कुणाच्या डोक्याआडून बघायला नको. त्याला लागूनच ऑक्टोबर १९१३ मध्ये नाट्यगृहाचे काम सुरू झाले आणि दोन वर्षांनी, ऑक्टोबर १९१५ मध्ये ते पुरे झाले. त्या काळात नाटके बहुतेक ठिकाणी कुडाच्या किंवा पत्र्याच्या तात्पुरत्या मांडवात, फार तर एखाद्या वाड्याच्या चौकात व्हायची. पाऊस आला की खेळ बंद. अशा वेळी दगडाचे, पक्के, खास नाटकासाठी बांधलेले घर एका संस्थानिकाने आपल्या राजधानीत उभे करावे आणि तेही आखाड्याच्या शेजारी, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

मोलाची अशासाठी की, आपल्याकडे कुस्ती बघणारे वेगळे आणि नाटक बघणारे वेगळे, अशी एक समजूत आहे. एक धोतराचा काचा मारणारा, दुसरा अत्तराचा फाया लावणारा. शाहू महाराजांनी दोघांना एका भिंतीचे शेजारी केले. गंमत म्हणजे भाषेला हे आधीपासूनच ठाऊक होते. पैलवान घुमतो ती तालीम आणि नट करतो तीही तालीमच. कन्नडातसुद्धा नाटकाच्या सरावाला ‘तालीमु’ म्हणतात. दोन्हीकडे उस्ताद लागतो, दोन्हीकडे दम लागतो आणि दोन्हीकडे दम कमी पडला तर तो हजार माणसांदेखत कमी पडतो.

आता दमाचा विषय निघालाच आहे तर आवाजाविषयी बोलू. १९१५ मध्ये ध्वनिक्षेपक नव्हता. शेवटच्या रांगेत चार आणे देऊन बसलेल्या माणसाला नायिकेचा हुंदका ऐकू गेला पाहिजे, ही जबाबदारी अर्धी नटाच्या गळ्यावर आणि अर्धी इमारतीवर असे. लाकडी रंगमंच तंबोऱ्याच्या भोपळ्यासारखे काम करतो. खालची पोकळी आवाजाला भरदार करते. लाकडाचे तक्तपोशी केलेले छप्पर आवाज पुढे ढकलते, पण तो फार घुमू देत नाही. खांब नसले तर नजर अडत नाही आणि आवाजही अडत नाही. शिवाय भरलेले प्रेक्षागृह आणि रिकामे प्रेक्षागृह यांच्यात आवाजाचा मोठा फरक पडतो. माणसांचे अंग, कपडे, शाली, सगळे आवाज शोषून घेते. जुने गायक नट रिकाम्या थिएटरात तालीम करताना मुद्दाम आवाज आवरून लावत, कारण रात्री थिएटर भरल्यावर काय होईल याचा त्यांना अंदाज असे.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. एम. ए. ला शिवाजी विद्यापीठात असताना राज्य नाट्य स्पर्धेच्या दिवसांत आम्ही चार-पाच सीमाभागातली पोरे जवळजवळ रोज संध्याकाळी केशवराव भोसलेत जाऊन बसायचो. तिकीट परवडणारे, आणि वसतिगृहाच्या मेसपेक्षा बाहेरची भेळ बरी. एकदा दुसऱ्या अंकाच्या मध्येच वीज गेली. जनरेटर सुरू व्हायला वेळ लागला. रंगमंचावर बाप आणि मुलगा यांचे भांडण चाललेले. बापाचे काम करणारा कोणी हौशी कलाकार होता, दिवसा नोकरी करणारा. तो थांबला नाही. अंधारातच त्याने पुढची वाक्ये सुरू ठेवली, आवाज न चढवता. बाल्कनीतल्या मागच्या रांगेत आम्हाला त्याचा प्रत्येक शब्द ऐकू आला. कुणी शिट्टी मारली नाही, कुणी खोकले नाही. वीज आली तेव्हा माइकची खरखर सुरू झाली, आणि माझ्या शेजारचा निपाणीचा मित्र पुटपुटला, “आता बिघडवलं.” त्या नाटकाला बक्षीस मिळाले की नाही ते आठवत नाही. ती तीन-चार मिनिटे मात्र मी वर्गात नाटक शिकवताना दरवर्षी सांगतो.

आता दारावरच्या नावाकडे येऊ. केशवराव भोसल्यांचा जन्म १८९० चा, कोल्हापूरचा. वडील लवकर गेले. आईने पोरांना पोटासाठी नाटक कंपनीत घातले. त्या काळी ही काही अभिमानाने सांगायची गोष्ट नव्हती. ‘स्वदेशहितचिंतक’ कंपनीत हा मुलगा वाढला आणि कोवळ्या वयात ‘शारदा’ नाटकात शारदेचे काम करून गाजला. म्हाताऱ्याशी लग्न लावून दिल्या जाणाऱ्या मुलीचे ते नाटक. बायकांना रंगभूमी बंद होती, तेव्हा बापाविना वाढणारा एक पोर दुसऱ्या अनाथासारख्या पोरीचे दुःख गात होता.

इथे जरा थांबून एक साखळी जोडून बघा. ‘शारदा’ लिहिले गोविंद बल्लाळ देवलांनी, १८९९ साली रंगभूमीवर आले. देवल सांगलीजवळच्या हरिपूरचे, पण शिकले बेळगावात. तिथे त्यांचे शिक्षक होते अण्णासाहेब किर्लोस्कर. आणि किर्लोस्कर मूळचे आपल्या जिल्ह्यातल्या सौंदत्ती भागातील गुर्लहोसूरचे! ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात ‘शाकुंतल’चा पहिला प्रयोग झाला आणि संगीत नाटकाचा जमाना सुरू झाला, हे आपण शाळेपासून वाचतो. त्या नाटकांतल्या कितीतरी चाली कानडी पदांवरून घेतलेल्या होत्या, हे मात्र शाळेत कुणी सांगत नाही. लहानपणापासून ज्याच्या कानावर कन्नड पदे पडली, त्याने मराठी नाटकाला गाणे दिले. तेव्हा गुर्लहोसूरच्या मास्तरांचा बेळगावातला विद्यार्थी, त्या विद्यार्थ्याचे नाटक आणि त्या नाटकातून पुढे आलेला कोल्हापूरचा मुलगा, अशी ही कडी आहे.

पुढची कडी तर थेट हुबळीची. १ जानेवारी १९०८ रोजी केशवरावांनी स्वतःची ‘ललितकलादर्श नाटक मंडळी’ काढली, ती हुबळीत. वय वर्षे सतरा! मराठी रंगभूमीच्या इतिहासात ‘गंधर्व’ आणि ‘ललितकलादर्श’ या दोन कंपन्यांची नावे जोडीने घेतली जातात. त्यातली एक कन्नड मुलुखात जन्मली. तिला पहिली दाद दिली ती हुबळीकरांनी, ज्यांतले पुष्कळजण घरी कन्नड बोलणारे असणार. ही माहिती मी वर्गात सांगितली की हुबळी-धारवाडकडची मुले एकदम ताठ बसतात. एकीने विचारले, “सर, मग त्याला कानडी येत होतं का?” मी म्हटले, ते कुणी लिहून ठेवलेले मी वाचलेले नाही. पण हुबळीत कंपनी काढणाऱ्या माणसाला बाजारात रॉकेल आणि तांदूळ तरी कानडीतच मागावा लागला असेल.

हुबळीच का, असे कुणी विचारेल. उत्तर रेल्वेत आहे. सदर्न मराठा रेल्वेने पुणे, मिरज, बेळगाव, लोंढा, धारवाड, हुबळी ही गावे एका ओळीत बांधली होती. १८९१ मध्ये कोल्हापूर मिरजेशी जोडले गेले. नाटक कंपनी म्हणजे पन्नास-साठ माणसे, आचारी, पडद्यांच्या गुंडाळ्या, पोशाखांच्या पेट्या, ऑर्गन, तबले. हे सगळे बैलगाडीने नेणे आणि मालडब्यातून नेणे यात फार फरक. त्यामुळे पुणे-सातारा झाले की सांगली-मिरज-कोल्हापूर, मग बेळगाव, धारवाड, हुबळी, गदग, असा फेराच ठरला. एका गावात महिना-दीड महिना मुक्काम. गावातली पोरे पदे पाठ करायची. एका आण्याला, दोन आण्यांना पदांची पुस्तके मिळायची. इंग्रज अमदानीत धारवाड, बेळगाव आणि पुणे हे जिल्हे एकाच मुंबई इलाख्यात होते. कोल्हापूर हेच मुळात वेगळे संस्थान होते. म्हणजे त्या काळात सरहद्द ओलांडावी लागायची ती कोल्हापूरला जाताना!

केशवरावांच्या गाण्याबद्दल ज्यांनी ऐकले त्यांनी लिहून ठेवले आहे. उंच पट्टीचा, धारदार, वेगाने फिरणारा गळा. रामकृष्णबुवा वझ्यांकडे ते शिकले. हे वझेबुवा उत्तरायुष्यात बेळगावात येऊन राहिले, तेव्हा तीही ओळख आपलीच. ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’मध्ये केशवराव मृणालिनी झाले, पुढे पुरुष भूमिकांकडे वळले. मामा वरेरकरांची ‘हाच मुलाचा बाप’ आणि ‘संन्याशाचा संसार’ ही नाटके त्यांनी केली. पहिले हुंड्यावर, दुसरे धर्मांतराच्या प्रश्नावर. पौराणिक कथेला आणि ठुमरीच्या चालीला हमखास गर्दी होत असताना हुंड्यावरचे नाटक लावणे हा धंद्याच्या दृष्टीने धोकाच होता. हा माणूस नुसता गळ्यावर जगला नाही, म्हणून मला तो विशेष आवडतो.

८ जुलै १९२१ ला मुंबईच्या बालीवाला थिएटरात टिळक स्वराज्य फंडासाठी ‘मानापमान’चा संयुक्त प्रयोग झाला. बालगंधर्व भामिनी, केशवराव धैर्यधर. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे मालक एका रंगमंचावर. त्या एका रात्रीबद्दल मराठीत जेवढे लिहिले गेले तेवढे क्वचित दुसऱ्या प्रयोगाबद्दल लिहिले गेले असेल. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबर १९२१ ला, विषमज्वराने केशवराव गेले. एकतीस वर्षांचे होते. पुढच्याच वर्षी, मे महिन्यात, शाहू महाराजही गेले. कंपनी बापूराव पेंढारकरांनी आणि पुढे भालचंद्र पेंढारकरांनी चालवली.

कोल्हापूरचे आणखी एक नाव इथे घ्यायला हवे. पडदे. १९१० ते १९१६ या काळात नाटकांचे पडदे रंगवण्यात आनंदराव आणि बाबूराव पेंटर या मामे-आत्ये भावांचा हात धरणारे फार थोडे होते. महाल, उपवन, रस्ता, सगळे कापडावर. प्रेक्षक पडदा उघडला की पडद्यालाच टाळ्या द्यायचे. पुढे बाबूराव चित्रपटाकडे गेले आणि तो निराळा इतिहास झाला. एकाच गावात एका बाजूला आखाडा, मध्ये नाट्यगृह आणि पलीकडे सिनेमा तयार करणारी माणसे, असा तो काळ.

आता हे सगळे सांगताना मला एक गोष्ट झाकून ठेवायची नाही. मराठी-कन्नड रंगभूमीचे नाते सगळेच गोडीगुलाबीचे नव्हते. सुरुवात कन्नडच्या देण्याने झाली. १८४२ मध्ये होन्नावरजवळच्या कर्कीची यक्षगान मंडळी सांगलीला आली, त्यांचा खेळ पाहून चिंतामणराव पटवर्धनांनी विष्णुदास भाव्यांना तसे काही मराठीत करायला सांगितले आणि ५ नोव्हेंबर १८४३ ला ‘सीतास्वयंवर’ झाले. हे सर्वांना माहीत आहे. पण नंतर मराठी कंपन्या धारवाड-गदगला इतक्या गाजू लागल्या की कन्नड लोकांनाच आपली भाषा रंगभूमीवर ऐकायला मिळेना. याचे शल्य गदगच्या शांतकवींना, म्हणजे सक्करी बाळाचार्यांना, इतके लागले की १८७० च्या दशकात त्यांनी कन्नड नाटक मंडळी उभी केली. मग गरूड सदाशिवराव आले, इतर कंपन्या आल्या, आणि कन्नड कंपनी नाटकांनी पुढे तोच हिंदुस्थानी थाटाचा संगीत नाटकाचा बाज आपलासा केला. रागाने घेतले, पण घेतले. आमच्या सौंदत्ती तालुक्यातल्याच एणगी गावचे एणगी बाळप्पा या परंपरेतले शेवटचे मोठे नाव. ‘कलावैभव नाट्य संघ’ चालवला, शंभरी ओलांडली आणि २०१७ मध्ये गेले. किर्लोस्करांचे आणि बाळप्पांचे गाव एकाच टापूत असावे, हा मला योगायोग वाटत नाही. त्या मातीत नाटक होते.

आणि उलट बाजूने बघा. कुंदगोळचे रामभाऊ कुंदगोळकर. घरची भाषा कन्नड. वर्षानुवर्षे मराठी नाटकांत स्त्री-भूमिका केल्या. ‘सवाई गंधर्व’ ही पदवी मिळाली तीही नाटकातल्या गाण्यासाठी, विदर्भात, अमरावतीला. भीमसेन जोशींचे गुरू म्हणून आज आपण त्यांना ओळखतो, पण त्यांचा गळा आधी सुभद्रेचा होता. पु. ल. देशपांड्यांनी ‘गणगोत’मध्ये बेळगावचे रावसाहेब उभे केले आहेत. त्यांच्या तोंडचे मराठी वाचताना पुण्या-मुंबईचे वाचक हसतात. आपण हसत नाही, म्हणजे हसतो, पण आपल्याला ते घरातले बोलणे वाटते. नाटकाच्या वेडापायी स्वतःला विसरणारी, अर्धे वाक्य मराठीत आणि शिवी कानडीत देणारी ती माणसे गल्लोगल्ली होती. तीच या कंपन्यांची खरी पोशिंदी.

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली. बेळगाव, धारवाड, हुबळी म्हैसूर राज्यात गेली. कोल्हापूर मुंबई राज्यात राहिले. त्या वादाविषयी या सदरात लिहिण्याचा माझा विचार नाही, त्याला दुसरी पाने आहेत. मी फक्त एक तारीख शेजारी ठेवतो. १९५७ मध्ये पॅलेस थिएटरचे नामकरण ‘केशवराव भोसले नाट्यगृह’ असे झाले. सरहद्दीची रेघ मारल्यावर वर्षभरात, रेघेच्या त्या बाजूच्या थिएटरला नाव मिळाले ते रेघेच्या या बाजूला कंपनी काढणाऱ्या माणसाचे. कुणी मुद्दाम केले असेल असे नाही. पण झाले.

आग लागली त्यानंतर राज्य सरकारने पुनर्बांधणीसाठी निधी जाहीर केला आणि २०२५ मध्ये काम चालू झालेले होते. ‘होते तसेच उभे करू’ असे तेव्हा सगळ्यांनीच सांगितले. तसेच म्हणजे कसे, हा माझ्या मते खरा प्रश्न आहे. दगडी तोंड तसेच ठेवणे अवघड नाही, त्याचे फोटो आहेत. आवाज तसाच ठेवणे अवघड आहे. छपराच्या आतून लाकडाऐवजी दुसरे काही लावले, खुर्च्यांची गादी जाड केली, वातानुकूलनाचे नळ वरून फिरवले, की इमारत तीच दिसेल आणि बोलेल मात्र वेगळ्या आवाजात. भिंती उठल्यावर, रंग लावण्याआधी, एखाद्या चांगल्या गायकाला माइकशिवाय उभे करून शेवटच्या रांगेत चार म्हातारे नाट्यरसिक बसवावेत. ते सांगतील ते कंत्राटदाराने ऐकावे.

दुसरी गोष्ट आगीचीच. रंगमंचाच्या वरचा भाग उंच असतो, पडदे कापडाचे, खाली लाकूड. एकदा पेटले की तो भाग धुराड्यासारखा ओढ घेतो. १९०३ मध्ये शिकागोच्या इरोक्वा थिएटरात अशीच आग लागून सहाशेहून अधिक माणसे गेली, आणि त्यानंतर बाहेर उघडणारी दारे, रंगमंच व प्रेक्षक यांच्यामध्ये न जळणारा पडदा, अशा गोष्टींचा आग्रह जगभर धरला जाऊ लागला. कोल्हापुरात त्या रात्री खेळ चालू नव्हता, म्हणून माणूस दगावला नाही. पण सीमेच्या दोन्ही बाजूंची आपली सभागृहे डोळ्यांपुढे आणा. किती ठिकाणी मागच्या दाराला कुलूप असते? किती ठिकाणी विंगेत तुटक्या खुर्च्या, जुन्या कमानी आणि गणपतीच्या मखराचे थर्मोकोल रचलेले असते? शाळेच्या स्नेहसंमेलनाला आपली मुले तिथेच रंग लावून उभी असतात. पालक म्हणून आपण एकदा पडद्यामागे जाऊन पाहायला काहीच हरकत नाही. मी आमच्या कॉलेजच्या सभागृहात पाहिले. कुलपाची किल्ली शिपायाकडे होती आणि शिपाई त्या दिवशी रजेवर. आता ती किल्ली दाराशेजारीच काचेच्या पेटीत टांगली आहे.

आणि तिसरी, माझी स्वतःची हौस म्हणा. नाट्यगृह पुन्हा उघडेल तेव्हा पहिल्या आठवड्यात मान्यवरांची भाषणे होतील, मुंबई-पुण्याची नाटके येतील, ते योग्यच. त्यात दोन रात्री ‘शारदा’ला द्याव्यात. एक रात्र मराठीत, देवलांनी लिहिले तसे. दुसऱ्या रात्री कन्नडात, हुबळी-धारवाडच्या एखाद्या मंडळीने केलेले. गोष्ट दोन्हीकडच्या आज्यांना तोंडपाठ आहे, भाषांतर करणारी माणसे आमच्या कॉलेजातच चार सापडतील. माइक मात्र दोन्ही रात्री बंद ठेवावा. प्रेक्षकांची चिंता नको. हुबळी-कोल्हापूर अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे, आणि मावशीने तिच्या गल्लीतल्या बायकांची एक बस आताच भरून ठेवली आहे.